शंभरातील एक्याण्णव

१

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे झाली असताना संशोधन केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावरील प्रयोगशाळेत एक संहार उघडकीस आला. रक्ताचा थेंब सांडला नव्हता, कोणाची किंकाळी ऐकू आली नव्हती, आणि तरीही मृतांची संख्या कित्येक कोटींच्या घरात होती. हे सर्व मृत एका लहानशा पारदर्शक पिशवीत होते.

त्या पेशी भूगोल शिकवणाऱ्या एका शिक्षिकेच्या होत्या. तिच्या रक्तात कर्करोग माजला होता आणि जुने सर्व उपचार थकले होते. तेव्हा केंद्राने तिच्याच रक्तातील रक्षक पेशी बाहेर काढल्या, त्यांच्या अंतरंगात अशी एक नवी खूण बसवली की त्यांना कर्करोगाची शत्रू म्हणून ओळख पटावी, आणि ते तयार सैन्य पिशवीत भरून द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवले. सात आठवड्यांनंतर, आज, ते तिच्या शरीरात परत सोडायचे होते.

प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाला त्याच्या जाड चष्म्यामुळे सर्व जण भिंग म्हणत. त्याने पिशवी कोमट पाण्यात वितळवली, एक थेंब काढला, त्यात निळा रंग मिसळला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जिवंत पेशी हा रंग आत घेत नाही. मेलेल्या पेशीचे दार सताड उघडे असते, ती निळी होते. भिंगने शंभर पेशी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मग तिसऱ्यांदा मोजल्या.

शंभरातील एक्याण्णव पेशी निळ्या होत्या.

वरच्या मजल्यावरील काचेच्या खोलीत शिक्षिका वाट पाहत पडली होती. नव्या सैन्याला जागा व्हावी म्हणून तीन दिवस औषधे देऊन तिचे जुने सैन्य आधीच बडतर्फ करण्यात आले होते. आता साध्या सर्दीनेही तिचा घात होऊ शकला असता. टाकीच्या तळाशी तिची आणखी एक पिशवी होती, राखीव, थोडी लहान. तथापि ती देण्याची परवानगी कोणालाच नव्हती.

कारण केंद्राच्या नैतिक समितीचा नियम स्पष्ट होता. पेशी अकस्मात मेल्या, आणि कशाने मेल्या हे कळले नाही, तर पुढची पिशवी कोणालाही द्यायची नाही.

उपचारप्रमुख मॅडम खुर्चीत न बसता उभ्याच राहिल्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "टाकी बिघडलेली नाही. पिशवी फुटलेली नाही. मग याचा अर्थ एकच. कोणीतरी हे केलंय."

२

कारण शोधायचे काम समितीचेच होते. समितीवर तीन डॉक्टर होते, परंतु तिघेही मॅडमच्याच हाताखाली काम करीत. वकील परगावी होते. उरले एकच सदस्य. कायद्याने एक सामान्य नागरिक समितीवर असावा लागतो म्हणून घेतलेले एक वृद्ध गृहस्थ.

त्यांनी चौतीस वर्षे फळे आणि बटाटे साठवणाऱ्या एका शीतगृहात घालवली होती आणि पर्यवेक्षक म्हणून ते निवृत्त झाले होते. ते ओळीखाली बोट ठेवून कागद वाचत आणि न समजलेला शब्द निःसंकोच विचारीत. केंद्रात त्यांना समोर काका म्हणत आणि पाठीमागे बटाटेकाका. काकांना दोन्ही नावे ठाऊक होती.

"मॅडम, मला अडाण्याला समजेल असं सांगा," काका म्हणाले. "दुसरी पिशवी वितळवून निळा रंग टाकला की जिवंत का मेलेल्या ते दहा मिनिटांत कळतं. मग अडचण कुठे आहे?"

"जिवंत आहेत हे दहा मिनिटांत कळतं. त्या द्रवात विष किंवा जंतू नाहीत, हे कळायला सात दिवस लागतात. दोन्ही पिशव्या एकाच दिवशी, एकाच भांड्यातून भरल्यात. पहिलीत काही मिसळलं गेलं असेल तर दुसरीतही तेच असणार. तिच्या अंगात आता विरोध करायला एक पेशी शिल्लक नाही, काका. विष गेलं तर संध्याकाळही बघणार नाही ती."

"भरताना तपासलं होतं ना?"

"कागदावर सगळं शुद्ध आहे. पण कागदावर या पेशी जिवंतही आहेत."

"आणि सात दिवस थांबलो तर?"

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिले. "सकाळपासून कणकण आहे तिला. दोन दिवस धरा. तीन म्हणायची माझी छाती नाही."

काकांनी वही उघडली. या प्रकरणाचा उलगडा आज झाला तरच एका जीवाला आशा होती. उलगडा चुकीचा झाला, तर स्वतः काकांच्या सहीने तो जीव जाणार होता.

ते बाहेर पडले तोच जिन्यात एका माणसाने त्यांची वाट अडवली. गळ्यात मापाची फीत, बोटाला अंगुस्ताना तसाच राहिलेला. तो शिक्षिकेचा धाकटा भाऊ, पेशाने शिंपी. आईवडिलांच्या पश्चात थोरल्या बहिणीनेच त्याला वाढवले होते आणि तो तिला नावाने न हाकारता मोठी म्हणत असे.

"तुम्हीच का ते चौकशीवाले?"

"मीच तो."

"मग उगाच इकडेतिकडे हिंडू नका. त्या चष्मेवाल्याला धरा. प्रत्येक पिशवीबरोबर तपासायला एक छोटी कुपी ठेवतात म्हणे. सगळ्यांच्या कुप्या शाबूत, आणि नेमकी मोठीचीच काल फुटली. हे मला इथल्याच माणसानं सांगितलंय. आता बोला."

"तुमच्या बहिणीचं आणि त्याचं काही वाकडं होतं का?"

"तिचं कोणाशी वाकडं असेल? गेली तीस वर्षं ती पोरांना नद्या शिकवतेय. पण त्याचं मॅडमशी वाजलंय, तेही मला कळलंय. मॅडमचं नाक कापायला माझी बहीण वापरली त्यानं." त्याने बोटातला अंगुस्ताना उपसून काढला. "मी शिवणकाम करणारा माणूस आहे काका. उसवलेलं मला लांबूनसुद्धा दिसतं."

३

भिंग सूक्ष्मदर्शकापाशी बसून होता. निळ्या पेशींची ती काच त्याने अजून उचलली नव्हती.

"कुपी कशी फुटली?" काकांनी विचारले.

"हातातून सुटली. थंडीनं काच ठिसूळ होते. सहा वर्षांत पहिल्यांदा." तो कडवट हसला. "पण माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? गेल्याच महिन्यात मी मॅडमना तोंडावर म्हणालो, की तुम्हाला पेशंटपेक्षा टक्केवारी प्यारी आहे. ते अख्ख्या मजल्यानं ऐकलं."

"का म्हणालात तसं?"

"रागानं. खरं होतं म्हणून नाही."

"बरं. कुपी शाबूत असती तर आज सकाळी काय केलं असतं तुम्ही?"

"नेहमीचंच. कुपीतला थेंब तपासला असता आणि पिशवी तशीच वर पाठवली असती. पिशवीला शक्यतो भोक पाडत नाहीत काका. कुपी नव्हती म्हणून मी थेट पिशवीतून थेंब घेतला."

काकांचे पेन थांबले. "म्हणजे आजपर्यंत कोणत्याच पेशंटची पिशवी तुम्ही स्वतः तपासलेली नाही?"

"कुपी तपासली की पिशवी तपासल्यासारखंच आहे. दोन्हीत एकच माल."

"आमच्याकडे व्यापारी ट्रकच्या तोंडाशी असलेली एक पेटी उघडून बघायचे आणि दोनशे पेट्या उचलायचे," काका शांतपणे म्हणाले. "घरी गेल्यावर मग शिव्या घालायचे."

टेबलावरील तबकात पिशवीची रिकामी डबी पडली होती. प्रत्येक पिशवी पत्र्याच्या एका चपट्या डबीत ठेवून मगच टाकीत सोडीत. काकांनी ती डबी उजेडात धरली. डबीवर शिक्षिकेचा क्रमांक काळ्या शाईने लिहिला होता, आणि ती शाई पुसट होऊन जवळपास उडाली होती.

"ही शाई पाण्यानं जाते?"

"छे. दहा वर्षं टिकते. खास मागवलेली आहे."

"सात आठवड्यांत गेली," काका म्हणाले.

भिंगने चष्मा सरसावून डबी पाहिली.

४

तळमजल्यावर मागच्या बाजूला शीतभांडार होते. दाराशी नायट्रोजन आणणारा टाकीवाला नळी गुंडाळत होता. काकांना पाहताच त्याने आपण होऊन सुरुवात केली.

"मला ठाऊक होतं गाडी माझ्यावर घसरणार. पंधरा दिवसांपूर्वी माझी एक खेप चुकली, कबूल. पण टाकीतली पातळी एक बोटसुद्धा उतरली नव्हती. काका, मी गॅस आणतो, कोणाचा जीव नाही नेत."

"तुम्हाला कोण काय म्हणालं?"

"अजून कोणी नाही. म्हणायच्या आत सांगून ठेवतोय."

काकांना त्याही स्थितीत किंचित हसू आले. आत जाऊन त्यांनी टाकीचा तापमान-आलेख मागून घेतला. सात आठवड्यांची कागदी पट्टी त्यांनी ओळीखाली बोट फिरवावे तशी टोकापासून टोकापर्यंत पाहिली. शून्याखाली एकशे शहाण्णव अंश. ना चढ, ना उतार. टाकीवाला खरे बोलत होता.

"हे तापमान मोजणारी तार कुठवर जाते?"

"तळापर्यंत. पार नायट्रोजनमध्ये बुडालेली आहे. तिथं लबाडीला वाव नाही."

काकांनी टाकीकडे पाहिले. कमरेएवढ्या उंचीचे, पिंपासारखे गोल भांडे. झाकणाखाली पोलादी मांडण्या लोंबकळत होत्या. या मांडण्यांना येथे शिडी म्हणत. एका शिडीला एकाखाली एक असे आठ कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एक डबी.

"सगळ्यात खालची डबी हवी असेल तर?"

"शिडी वर ओढायची. अख्खी. खालचा कप्पा तोंडाशी आला की डबी काढून घ्यायची."

"तोवर वरचे सात कप्पे कुठे असतात?"

टाकीवाल्याने नळी खाली ठेवली. त्याने डोक्यावरच्या हवेकडे बोट दाखवले.

५

भांडाराचा सर्व कारभार एका मध्यमवयीन स्त्रीकडे होता. तिला केंद्रातील थोरामोठ्यांसह सगळेच वहिनी म्हणत. अकरा वर्षांत तिच्या हातून एकही डबी चुकीच्या माणसाला गेली नव्हती, आणि या गोष्टीचा तिला न बोललेला अभिमान होता.

"डबी काढताना तुम्ही नेमकं काय करता, ते मला करून दाखवा," काका म्हणाले. "शिडी न उचलता, नुसत्या हातांनी."

वहिनींनी जाड हातमोजे चढवले आणि हवेत अभिनय केला. शिडी ओढली. आकडीला अडकवली. मग फडक्याने एकेक डबी वरून खाली पुसली.

"हे पुसणं कशासाठी?"

"बाहेर आल्या आल्या डब्यांवर बर्फ धरतं. नंबर दिसत नाहीत. मी सगळ्या पुसते, वाचते, पुन्हा वाचते, आणि काढायच्या आधी तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचते. एकाची पिशवी दुसऱ्याला गेली तर माणूस जाईल ना काका."

"किती वेळ लागतो?"

"दीड मिनिट. कधी दोन. बाकीच्या पोरी पाच सेकंदांत उरकतात, मला नाही जमत तसं. माणसांचं काम आहे."

काकांनी नोंदवही मागितली. शिक्षिकेची पिशवी आल्यापासून ती शिडी किती वेळा वर आली, हे त्यांनी मोजले. नव्या पिशव्या ठेवण्यासाठी, जुन्या काढण्यासाठी, आणि आठवड्याच्या मोजणीसाठी. एकूण तेवीस वेळा, आणि प्रत्येक नोंद वहिनींच्याच हातची.

"शिक्षिकाबाईंची पिशवी कोणत्या कप्प्यात होती?"

"सगळ्यात वरच्या." वहिनींचा चेहरा किंचित उजळला. "वरचा कप्पा मी ज्याला त्याला देत नाही काका. ज्याचं निकडीचं असतं त्यालाच. वरून बोलावणं आलं की पहिली हाताशी यावी म्हणून."

"आणि तिची राखीव पिशवी?"

"राखीव सगळ्या तळाला. त्या सहसा लागत नाहीत. तपासणीच्या कुप्याही तिथंच, तळाच्या खणात."

"वरचा कप्पा द्यायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

वहिनींनी हातातल्या फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं म्हणून ठेवली."

काकांनी त्या फडक्याकडे पाहिले. त्यांनी एवढेच विचारले, "गेल्या दोन वर्षांत वरचा कप्पा आणखी कोणाकोणाला दिलात? मला नावं नकोत. पुढे त्यांचं काय झालं ते हवं."

वहिनींनी नोंदवही पुढे ओढली आणि जुनी पाने उलटली. तिसऱ्या नावावर त्यांचे बोट थांबले.

६

संशय आला म्हणजे सिद्ध झाले असे नव्हे, हे काकांनी शीतगृहात पुष्कळदा अनुभवले होते. त्यांना पुरावा हवा होता आणि तो त्याच शिडीवर होता. तिच्या दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या कप्प्यात तीन पिशव्या बेवारस होत्या. दोघे रुग्ण उपचारापूर्वीच वारले होते, एकाने उपचार नाकारला होता. या तिन्ही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या भांड्यांतून भरल्या होत्या, आणि साधारण सारख्याच काळ टाकीत होत्या.

मात्र शिडी सरळ वर ओढण्यास काकांनी साफ मनाई केली. टाकीवाल्याने नायट्रोजनने भरलेले दुसरे, रुंद तोंडाचे भांडे आणावे, आणि वरून एकेक कप्पा तोंडाशी आला की ती डबी तत्क्षणी तिकडे बुडवावी, असे ठरले. ते भांडे दुसऱ्या इमारतीतून येण्यास दीड तास लागणार होता.

शिंपी दाराशी येऊन उभा होता. "दीड तास? वर तिचा ताप शंभराच्या पुढे गेलाय. ओढा ना शिडी एकदाच वर, आणि आमची राखीव काढून घ्या. परवानगीचं मागनं बघा."

"तिसऱ्या कप्प्यात एका नऊ वर्षांच्या मुलाची पिशवी आहे," काका म्हणाले. "तिला आधीच बराच मार बसलाय असं मला वाटतं. पुन्हा दोन मिनिटं हवेत धरली तर त्याचं काही खरं नाही. ओढू?"

शिंपी बाकावर बसला आणि गळ्यातली फीत बोटांना गुंडाळू लागला.

दीड तासाने डब्या हलल्या. वहिनींनी एकही डबी पुसली नाही. त्यांचे हात पूर्वी कधी नव्हते एवढे भराभर चालले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, जे पुसायलाही त्या थांबल्या नाहीत. तिन्ही बेवारस पिशव्या भिंगकडे गेल्या. त्याने मोजले, आणि मॅडमनी त्याच्या शेजारी बसून स्वतः पुन्हा मोजले.

दुसरा कप्पा, शंभरात सत्तर निळ्या. चौथा, चौतीस. सहावा, बारा.

७

दुपारी दोन वाजता सर्व जण मॅडमच्या खोलीत जमले. काका उभे राहिले. त्यांना भाषणाची सवय नव्हती, म्हणून ते वहीतून वाचू लागले, आणि थोड्याच वेळात वही मिटून साधे बोलू लागले.

"आमच्या शीतगृहात तापमापक मागच्या भिंतीला असायचा. तो नेहमी बरोबर दाखवायचा. आणि तरी दाराजवळच्या पेट्या नासायच्या, कारण दार उघडलं की गरम वारा पहिला त्यांना लागायचा. मापक जिथं आहे तिथलंच सांगतो. या टाकीची तार तळाला आहे. तळाला कधीच काही बिघडलं नाही.

"बिघडलं ते वर. खालची डबी काढायला शिडी ओढली की वरची डबी सगळ्यात आधी बाहेर येते आणि सगळ्यात शेवटी आत जाते. एकदा झालं तर पेशी सोसतात. तेवीस वेळा, दर वेळी दीड-दोन मिनिटं, वर फडक्याची ऊब. शाई म्हणूनच उडाली. सारखी पुसून पुसून. पिशवी पुरती वितळली कधीच नाही, म्हणून कोणाला काही दिसलं नाही. आतल्या आत मरत गेल्या.

"आता विषाचं. तीन वेगळी माणसं, तीन वेगळी भांडी, आणि मेलेल्यांचा आकडा पायरीपायरीनं उतरतोय. एक्याण्णव, सत्तर, चौतीस, बारा. विषाला कप्प्याचा नंबर वाचता येत नाही. मला शिकलेल्यांसारखं मांडता येत नाही, पण द्रव शुद्ध होता हा कागद खरा आहे. राखीव पिशवी तळाला होती. माझी सही तयार आहे."

मॅडमनी कागद ओढला आणि दूरध्वनी उचलला. दोनच वाक्ये बोलून त्यांनी तो ठेवला. राखीव पिशवी वितळवण्यास आरंभ झाला.

मग भिंग बोलला. तो सगळ्यांपासून दूर भिंतीशी उभा होता. "कुप्या तळाच्या खणात असायच्या. म्हणून त्या नेहमी चांगल्या निघाल्या. मी चांगल्या कुपीवर सही करायचो, आणि वर मेलेली पिशवी जायची." त्याने चष्मा काढला. "वहिनी, किती जणांना?"

"तिघांना," वहिनी म्हणाल्या. "एक गवंडी. एक बाळंतीण. आणि ती सात वर्षांची मुलगी, जिला तुम्ही सूक्ष्मदर्शकातून तिच्याच पेशी दाखवल्या होत्या."

"आजारानं दाद दिली नाही, असं मी लिहिलंय त्यांच्या फायलीत," मॅडम म्हणाल्या. "तिघांच्याही."

शिंपी वहिनींकडे बोट दाखवत उठला, आणि ते बोट अर्ध्यातच थांबले.

"हिनं... हिनं खोटं सांगितलं तुम्हाला, काका."

"जाऊ द्या भाऊ," वहिनी पटकन म्हणाल्या. "बसा तुम्ही."

"कोणी सांगितलं नव्हतं म्हणते. मी सांगितलं होतं. पिशवी आली त्या दिवशी मी हिच्या दारात तासभर उभा होतो. हात जोडले. म्हटलं, वहिनी, माझ्या मोठीची वर ठेवा, खाली गर्दीत टाकू नका. ही नाही म्हणत होती, वर एका म्हाताऱ्या गृहस्थांची पिशवी होती. मी पायच धरले तेव्हा हिनं त्यांची काढून सहाव्यात टाकली."

काकांनी नोंदवहीचे पान उलटले. ते म्हातारे गृहस्थ ऐन वेळी घाबरले होते आणि उपचार नाकारून घरी गेले होते. सहाव्या कप्प्यातील त्यांच्या पिशवीत शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी पेशी जिवंत होत्या.

"हे अहवालात लिहावं लागेल," काका म्हणाले.

"लिहा," शिंपी म्हणाला. "माझ्या धंद्यासकट लिहा."

८

राखीव पिशवीत शंभरातील ब्याण्णव पेशी जिवंत निघाल्या. पावणेचार वाजता त्या एका बारीक नळीतून शिक्षिकेच्या हातात उतरल्या. या सर्व उलथापालथीच्या मानाने ते कृत्य अगदी क्षुल्लक वाटले. जेमतेम बारा मिनिटे लागली.

त्याच आठवड्यात केंद्राने तापमापकाची दुसरी तार टाकीच्या तोंडाशी बसवली, कुप्या पिशव्यांच्या शेजारी आल्या, आणि शिडी ओढून पुसण्याची पद्धत बंद झाली. नऊ वर्षांच्या मुलाच्या निम्म्या पेशी गेल्या होत्या. त्याचे रक्त पुन्हा घेण्यात आले. वहिनींना निलंबित करण्याचा कागद निघाला. भिंगने त्याखाली स्वतःचेही नाव लिहून तो मॅडमकडे परत पाठवला, आणि मॅडमनी त्याच्याखाली आपले लिहिले. मग तिघेही काकांबरोबर त्या तीन घरी गेले. तेथे काय झाले ते काकांनी अहवालात नमूद केलेले नाही, आणि विचारले असता ते आजही सांगत नाहीत.

पाचव्या दिवशी शिक्षिकेला तीव्र ताप भरला. शिंपी धावत मॅडमकडे गेला. मॅडमनी तक्ता पाहिला आणि कित्येक दिवसांनी त्या खुर्चीत टेकल्या. नव्या पेशींनी शत्रू गाठला की असाच ताप येतो, असे त्यांनी त्याला समजावले. हा ताप माणसाला वाचवतो, आणि क्वचित नेतोही. पुढचे तीन दिवस ठरवतील.

शिंपी झगा आणि मुखपट्टी चढवून काचेच्या खोलीत गेला आणि बहिणीच्या कपाळावर ओल्या कापडाची घडी ठेवून बसला. दुपार कलली तेव्हा तिने डोळे उघडले.

"सापडला का रे?" तिने विचारले. "नर्स म्हणत होती, कोणीतरी माझ्या पेशी मारल्या."

"सापडला."

"कोण होता?"

या प्रश्नाची तयारी त्याने पाच दिवस केली होती. टाकी, तार, शिडी, सगळे क्रमाने सांगायचे आणि जिथे आपले नाव येते तेथे वाक्य दुसरीकडे वळवायचे, असे त्याने ठरवले होते.

"मी," तो म्हणाला. "तुझी सगळ्यांच्या वर ठेवायला लावली मी. दुसऱ्याची काढून. वर ठेवलं की मरतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं."

शिक्षिका त्याच्याकडे पाहत राहिली. यंत्रावरील हिरवी रेघ त्याच गतीने पुढे सरकत होती. लहानपणी त्याला ताप आला की ती शाळेत जायच्या आधी त्याच्याकडे अशीच न बोलता पाहत उभी राही, आणि मग त्या दिवशी शाळेत जात नसे.

"ज्याची काढली," ती म्हणाली, "तो आहे का?"

"आहे. घरी आहे. त्याची पिशवी चांगली निघाली. मॅडम त्याला परत बोलवायचं म्हणताहेत, येतो का बघू."

"त्याच्या घरी तू जा," ती म्हणाली. "माझं काय व्हायचं ते झाल्यावर नको. उद्याच जा."

"जातो."

तिने डोळे मिटले. शिंप्याला वाटले ती झोपली. तो हळूच उठू लागला तेव्हा तिने त्याचे मनगट धरले. हात निखाऱ्यासारखा तापलेला होता.

"कापड बदल," ती म्हणाली. "गरम झालंय."